चार पायांची टाकी : मॉडेलसाठी प्लास्टिकची सळी आणि नळी अचूक कशी कापावी

चौरंगाचा एक पाय तांदळाच्या दाण्याएवढा आखूड असला तरी त्यावर ठेवलेला कलश डुगडुगतो. तिवईचे तिन्ही पाय कमीजास्त असले तरी ती डुगडुगत नाही, फार तर एका बाजूला कलते. कोणतेही तीन बिंदू एका पातळीत येतातच, चौथ्याला मात्र त्या पातळीत आणावे लागते, एवढे साधे भूमितीचे कारण त्यामागे आहे. प्लास्टिकच्या सळ्या आणि नळ्या कापून छोट्या प्रमाणातली मॉडेल करणाऱ्याला ही भूमिती फार लवकर भेटते, कारण टाकीचे पाय, कठड्याचे खांब, शिडीच्या पायऱ्या, रेल्वेच्या डब्याच्या दाराजवळचे दांडे असे सगळे त्याला चारच्या नाहीतर चाळीसच्या संख्येने लागते आणि त्यातला एक तुकडा जरी वेगळा निघाला तरी सगळ्या रांगेत नजर नेमकी त्याच्यावरच जाते.

गेल्या हिवाळ्यात मी नागपूर–छिंदवाडा नॅरोगेज मार्गाच्या आठवणीखातर १:८७ या प्रमाणात एक लहानसे स्थानक करायला घेतले. ज्यांनी ती गाडी पाहिली नाही त्यांनी मोतीबागेतल्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात एकदा जाऊन यावे, म्हणजे मी काय मोजत बसलो होतो ते कळेल. या मार्गाच्या दोन रुळांमधले अंतर ७६२ मिमी, म्हणजे अडीच फूट होते. त्याला ८७ ने भागले की ८.७६ मिमी येतात. पण तयार मिळणारा रूळ ९ मिमीचा असतो आणि जगभरचे मॉडेलकार तोच बिनदिक्कत वापरतात. फरक पडतो ०.२४ मिमीचा, जो खऱ्या रुळावर दोन सेंटिमीटरांहून थोडा अधिक होईल. आजवर माझ्या घरी येऊन गेलेल्या एकाही पाहुण्याने त्याबद्दल अवाक्षर काढलेले नाही. त्याच स्थानकावर वाफेच्या इंजिनांसाठीची उंच पाण्याची टाकी मी उभी केली, तेव्हा तिचा एक पाय ०.४ मिमीने आखूड राहिला होता, आणि ते पहिल्याच दिवशी शेजारच्या नववीतल्या मुलाने ओळखले.

या दोन प्रसंगांतला फरक नीट पाहण्यासारखा आहे, कारण पुढची सगळी पद्धत त्याच्यावरच उभी आहे. खऱ्या टाकीचे पाय सहा मीटर उंच धरले तर १:८७ मध्ये ते ६९ मिमी होतात. चारही पाय ६८.५ मिमीचे झाले तर टाकी खऱ्या मापात सुमारे चार सेंटिमीटरांनी बुटकी होते आणि ते कोणालाही कळत नाही, कारण शेजारी तुलनेला दुसरी टाकी नसते. परंतु तीन पाय ६९ चे आणि एक ६८.६ चा असेल तर ४० मिमी रुंदीची टाकी अर्ध्या अंशाहून जास्त कलते, आणि मागच्या भिंतीची उभी कड, सिग्नलचा खांब, दाराची चौकट अशा सगळ्या उभ्या रेघा तो कल तत्काळ दाखवून देतात. म्हणजे आपल्याला मुख्यतः हवा असतो तो तुकड्यांचा सारखेपणा. आराखड्यातल्या मापाशी तंतोतंत जुळणे ही त्यानंतरची गोष्ट आहे. मोजमाप कितीही काळजीपूर्वक केले तरी प्रत्येक वेळी नव्याने मोजले की प्रत्येक वेळी नवी चूक होते, म्हणून सारखेपणा मिळवायचा असेल तर मोजण्याची संधीच कमी करावी लागते. ती कशी करायची हे सांगण्याआधी प्लास्टिक कापले जाते म्हणजे नेमके काय होते, ते पाहू.

मॉडेलच्या कामात ज्याला आपण नुसते ‘प्लास्टिक’ म्हणतो ते बहुधा पॉलिस्टायरीन, थोडक्यात स्टायरीन, असते. एव्हरग्रीन, प्लास्ट्रक्ट अशा अमेरिकन कंपन्यांच्या पांढऱ्या सळ्या-नळ्या मागवून घ्याव्या लागतात. त्या इंचाच्या हिशेबाने बनतात, म्हणून १.६ मिमी (एक सोळांश इंच) आणि ३.२ मिमी (एक अष्टमांश इंच) अशी वरवर विचित्र वाटणारी मापे दिसतात. आर्किटेक्चरचे विद्यार्थी जिथून सामान घेतात त्या दुकानांत एबीएस आणि ॲक्रिलिकच्या सळ्याही मिळतात. एबीएस जरा चिवट असते आणि कापताना पात्याला धरून ठेवते. ॲक्रिलिक कडक आणि ठिसूळ असते, त्यामुळे ते ब्लेडने कापण्याच्या भानगडीत पडू नये, करवतच घ्यावी. बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलीची नळी फुकट मिळते म्हणून मोह होतो, पण ती पॉलिप्रॉपिलीनची असते आणि स्टायरीन विरघळवून चिकटवणाऱ्या सॉल्व्हंटने ती चिकटत नाही. संशय आला तर तुकडा पाण्यात टाकावा आणि बुडबुडे निघून जातील असा ढवळावा: पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलके असल्याने तरंगते, स्टायरीन आणि एबीएस दोन्ही सावकाश बुडतात. कान साफ करण्याच्या काड्याही पूर्वी अशा कामी येत, परंतु १ जुलै २०२२ पासून त्यांच्या प्लास्टिकच्या दांड्यांवर देशभर बंदी आली आणि आता त्या कागदाच्या येतात.

पाते हे मुळात पाचर असते. करवत आपल्या वाटेतला माल भुशाच्या रूपाने बाहेर काढते. पाते काहीच बाहेर काढत नाही, ते मालाला दोन्ही बाजूंना ढकलून स्वतःसाठी जागा करते. दाढीचे ब्लेड साधारण ०.१ मिमी जाड असते, तर स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या ९ मिमी रुंदीच्या कटरचे पाते ०.४ मिमीच्या आसपास. दोन्ही तेवढीच धारदार असली तरी कटर चौपट माल बाजूला सारतो, आणि तो माल जाणार कुठे, तर तुकड्याच्या टोकाशी फुगवटा होऊन बसतो. शिवाय पात्याला दोन्ही बाजूंनी उतार दिलेला असेल तर कापलेले टोक सपाट निघत नाही, दोन्ही तुकड्यांची टोके घराच्या छपरासारखी उतरती निघतात; एकाच बाजूने उतार असलेले, पटाशीसारखे पाते असेल तर सपाट बाजूकडचे टोक सरळ येते आणि सगळा उतार टाकाऊ तुकड्याकडे जातो. म्हणून पाते कोणतेही असो, त्याची कोणती बाजू कामाच्या तुकड्याकडे आहे हे आधी पाहावे आणि शेवटपर्यंत तीच ठेवावी.

एक मिमीपर्यंतच्या सळीला हे सगळे फारसे बाधत नाही. नव्या ब्लेडने वरून सरळ दाबले की ती स्वच्छ तुटते. सळी दोन मिमीच्या पुढे गेली की पाते अर्ध्यावर पोहोचेपर्यंत त्याच्या दोन्ही गालांवर एवढा दाब येतो की ते जिकडे कमी विरोध तिकडे वळते, आणि वरून काटकोनात सुरू झालेला काप खाली तिरका बाहेर पडतो. शेवटचा अर्धा मिमी तर कापलाच जात नाही, तो तडकतो आणि टोकाला एक ओठ राहतो. वायर कापायच्या कटरने सळी कापणे हा याच दोषाचा कळस आहे: दोन्हीकडून चिमटल्यामुळे टोक चपटे होते आणि ताण पडलेल्या जागी प्लास्टिक पांढुरके पडते. तो पांढुरका भाग सूक्ष्म भेगांचा असतो, रंगाखाली झाकला जातो, पण सॉल्व्हंट लागले की नेमका तिथेच मोडतो. असा कटर वापरायचाच असेल तर मापापेक्षा दोन मिमी जास्त लांब कापून पुढचे कानशीने उतरवावे.

जाड सळीला म्हणून करवत. मॉडेलच्या कामाची पातळ करवत दर इंचाला ४० ते ५० दातांची असते आणि तिने काढलेली खाच पाव मिमीच्या आसपास रुंद असते. ही खाच हिशेबात धरली नाही तर काय होते याचे गणित अगदी सोपे आहे: सळीवर एकापुढे एक दहा खुणा करून त्या खुणांवर करवत चालवली तर अडीच मिमी माल भुसा होऊन जातो, आणि तो कोणत्या तुकड्यातून किती गेला हे करवत खुणेच्या डावीकडे धरली की उजवीकडे, यावर ठरते. म्हणून नेहमी एक खूण, एक काप, मग पुढची खूण; आणि करवत कायम टाकाऊ बाजूला, खूण तुकड्यावर अर्धी दिसत राहील अशी. सुरुवातीचे दोनतीन ओढे उलटे, आपल्याकडे अलगद घ्यावेत, म्हणजे गोल पाठीवर करवत घसरत नाही. सोनाराच्या करवतीचे दात त्याहून बारीक असतात. २/० क्रमांकाचे तिचे पाते जेमतेम पाव मिमी जाड असते आणि सोनारकामाची अवजारे विकणाऱ्या, नागपूरच्या इतवारीतल्या दुकानांत ते डझनाने मिळते. मात्र सोनाराची करवत स्टायरीनवर घाईने चालवली की भुसा वितळून दातांत बसतो आणि पाते जागीच अडकते.

नळीचा प्रश्न सळीहून वेगळा आहे. तिची भिंत अर्धा-पाऊण मिमी असते आणि आत पोकळी असल्यामुळे पात्याने दाबले की ती आधी अंडाकृती होते व मग तडकते. करवतीनेही अडचण सुटत नाही, कारण पन्नास दातांच्या करवतीत दोन दातांमधले अंतरच अर्धा मिमी असते, म्हणजे भिंतीच्या जाडीत एका वेळी जेमतेम एक दात बसतो. पुढचा दात येईपर्यंत भिंत दोन दातांच्या मधल्या खोबणीत शिरते आणि हिसका बसून टवका उडतो. यावरचा उपाय असा, की नळी आरपार कापायचीच नाही, तिला फिरवत भोवतीने कापायचे. करवत नळीच्या पाठीवरून स्पर्शरेषेत चालली की एकाच वेळी अनेक दात मालावर राहतात आणि हिसका बसत नाही.

पातळ नळीसाठी ब्लेडने केलेली हीच कृती मला सगळ्यांत समाधानाची वाटते, म्हणून ती जरा सावकाश सांगतो. सनमायका लावलेल्या फळीचा सपाट तुकडा घ्यावा. कटिंग मॅट थोडी मऊ असते आणि नळी तिच्यात रुतते. ३.२ मिमीची नळी त्यावर ठेवून तिच्या पोकळीत बसेल अशी काडी आत सरकवावी. अगरबत्ती जळून गेल्यावर उरलेली बांबूची काडी पुष्कळदा चालते, नाहीतर ड्रिलच्या बिटाचा दांडा. नवे ब्लेड नळीवर आडवे टेकवावे आणि ब्लेडखाली नळी लाटावी, पुढे आणि मागे, हात पोळीवर असावा तितका हलका ठेवून. पहिल्या फेरीत डोळ्यांना काहीच दिसत नाही. तिसऱ्या-चौथ्या फेरीला केसासारखी रेघ उमटते, आणि इथे थांबून भिंगाखाली पाहायचे, कारण ही रेघ पूर्ण वळसा घालून स्वतःच्याच सुरुवातीला येऊन मिळाली असेल तर ब्लेड नळीशी काटकोनात आहे, आणि ती सुरुवातीच्या शेजारून निघून गेली असेल तर आपण कापत नसून स्क्रूचे आटे पाडत आहोत. रेघ इतकी उथळ असताना चूक सुधारता येते. ब्लेड किंचित वळवून पुन्हा सुरुवात केली की दुसरी रेघ पहिलीला गिळून टाकते. रेघ एकदा जुळली की तिची खोबण पुढे ब्लेडला स्वतःच सांभाळते. दहा-बारा फेऱ्यांनंतर बोटांना जाणवणारा विरोध अचानक कमी होतो, बारीकसा ‘टक्’ आवाज येतो आणि तुकडा काडीवर सैल फिरू लागतो. त्याच्या टोकावर बाहेरून अगदी सूक्ष्म कंगोरा असतो, पण भिंत सरळ आणि पोकळी गोल राहिलेली असते.

नळी दहा मिमीच्या पुढची असेल, इंजिनाच्या बॉयलरसाठी वगैरे, तर ब्लेडखाली लाटणे जड जाते. तिथे सरळ कडेच्या कागदाची पट्टी नळीभोवती घट्ट गुंडाळावी. कडेवर कड तंतोतंत बसली तर ती कड नळीच्या अक्षाशी काटकोनात असतेच. तिरकी गुंडाळली गेली तर कड स्वतःला भेटत नाही. रेघ जुळते की नाही हे पाहणारी मघाचीच परीक्षा इथे कापण्याआधी होते, एवढाच फरक. कागदाच्या कडेने पेन्सिल फिरवावी आणि त्या रेघेवरून नळी फिरवत करवत चालवावी.

खाचा पाडलेली मायटर बॉक्स बरेच जण पहिल्याच खरेदीत घेतात आणि तिच्यावर डोळे मिटून विसंबतात. मला ती फारशी भावत नाही. पेटीची खाच करवतीपेक्षा अर्धा मिमी रुंद असेल आणि पेटी २५ मिमी रुंद असेल, तर करवत त्या खाचेत एक अंशाहून जास्त तिरकी होऊ शकते, आणि पाच मिमीच्या नळीवर त्याचा अर्थ टोकाला ०.१ मिमी तिरकेपणा असा होतो. पेटी जुनी झाली की खाच आणखी रुंदावते. ओबडधोबड कापायला ती ठीक आहे. शेवटचे माप तिच्याकडून मागू नये.

आता मोजण्याकडे येऊ. स्टीलच्या पट्टीचे शून्याचे टोक वापराने झिजलेले असते, म्हणून १० च्या रेघेपासून मोजावे असे जाणकार सांगतात आणि ते बरोबरही आहे. हे मी प्रथम अमलात आणले त्या दिवशी कठड्याचे सहा खांब उत्साहाने कापले आणि सहाही खांब बरोबर १० मिमीने जास्त लांब निघाले, कारण आराखड्यावर मोजलेल्या आकड्यातून १० वजा करायचे राहिले होते. लांब निघाले म्हणून वाचले. तेव्हापासून लहान मापांसाठी मी पट्टी सोडून व्हर्नियर कॅलिपरच वापरतो. डिजिटल कॅलिपर ०.०१ मिमीपर्यंत आकडे दाखवतो, त्यातला शेवटचा आकडा फार मनावर घेऊ नये आणि नळी जबड्यात आवळू नये, कारण ती दबते आणि कॅलिपर दबलेले माप दाखवतो.

एकाच सळीवर अनेक छिद्रांच्या खुणा करायच्या असतील तर प्रत्येक खूण एकाच टोकापासून मोजावी, आधीच्या खुणेपासून नव्हे. आपल्या नागपूरच्या झिरो माईलच्या खांबावर छिंदवाडा, सिवनी, जबलपूर अशी नावे आणि त्यांची अंतरे कोरलेली आहेत, ती सगळी त्याच एका जागेपासूनची आहेत; सिवनीचे अंतर छिंदवाड्यापासून मोजून त्यात मिळवलेले नाही. खुणेमागून खूण मोजली तर प्रत्येकीची दशांश मिमीची चूक पुढच्या खुणेत साठत जाते. पण गंमत अशी, की तुकडे कापताना हा नियम निरुपयोगी ठरतो, कारण प्रत्येक कापाबरोबर सळीचे टोकच बदलते आणि करवतीची खाच मधले माप खाऊन टाकते. तिथे पट्टीच बाजूला ठेवावी लागते आणि स्टॉपर वापरावा लागतो.

स्टॉपर म्हणजे सळीचे टोक जिथे जाऊन टेकते असा पक्का अडसर. पात्याची किंवा करवतीची जागा ठरलेली, अडसराची जागा ठरलेली, म्हणजे मधले अंतर एकदाच मोजायचे आणि मग शंभर तुकडे कापले तरी पुन्हा पट्टीला हात लावायचा नाही. अंतर ठरवताना ०.३ मिमी चुकले तर शंभरही तुकडे ०.३ मिमीने चुकतील, आणि टाकी आनंदाने चारही पायांवर उभी राहील. सीताबर्डीवरच्या साइनबोर्डवाल्याकडून ॲक्रिलिकचे टाकाऊ तुकडे आणून मी जे साधन केले आहे त्याला आता चार वर्षे झाली. हातभर लांबीच्या पाटीवर तीन मिमी जाडीच्या दोन सरळ पट्ट्या, सळी मधून जेमतेम सरकेल एवढे अंतर ठेवून, समांतर चिकटवल्या आहेत. त्या वाटेला आडवी, करवत घट्ट बसेल अशी एक खाच गुणिया लावून पाडली आहे. वाटेच्या दुसऱ्या टोकाला सरकणारा ठोकळा आहे, तो छोट्या सी-क्लॅम्पने आवळायचा. सगळ्यांत जास्त वेळ गेला तो खाच पाडण्यात, कारण ती तिरकी झाली तर पुढचा प्रत्येक तुकडा त्याच तिरकेपणाने निघतो. पहिल्या दोन पाट्या मी त्याच कारणाने फेकल्या.

स्टॉपर वापरताना दोन गोष्टी फसवतात. पहिली म्हणजे भुसा: अडसराच्या तोंडाशी चिमूटभर भुसा साचला की पुढचा तुकडा तेवढ्याने आखूड होतो, आणि एकामागून एक तुकडे हळूहळू आखूड होत गेले तर दोष बहुधा इथेच असतो. म्हणून प्रत्येक कापानंतर जुन्या दातघासणीने कोपरा झाडावा. अडसराच्या तळाशी लहानशी फट ठेवली तर भुसा तिच्यात पडतो आणि काम आणखी सोपे होते. दुसरी गोष्ट अशी, की कापलेला तुकडा अडसर आणि करवत यांच्यामध्ये अडकून उडतो. एक मिमीच्या चकत्या कापताना त्या टिकलीसारख्या कुठेही जातात, आणि उन्हाळ्यात समोर कूलर चालू असेल तर त्या सापडायची आशा सोडावी. पाटीवर आधी चिकटपट्टी उलटी लावून ठेवली तर चकती तिच्यावरच राहते. अशा वेळी डोळ्यांवर गॉगल हवा, हे वेगळे सांगायला नको.

अगदी आखूड आणि अगदी सारखे तुकडे हवे असतील तर याहूनही भक्कम युक्ती आहे, ती म्हणजे छिद्राचा ठोकळा. जेवढी लांबी हवी तेवढ्याच जाडीचा ठोकळा घ्यायचा, त्यात स्टँडवरच्या ड्रिलने सळीच्या जाडीचे उभे छिद्र पाडायचे, सळी त्यातून आरपार घालायची, दोन्ही बाजूंना थोडी शिल्लक ठेवून कापायची आणि मग काचेवर पसरलेल्या ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर ठोकळ्यासकट घासायची. सळी ठोकळ्याशी सपाट झाली की लांबी ठोकळ्याच्या जाडीएवढी झाली. दोन्ही टोके काटकोनातही आली. इथे लांबी मोजण्याचे काम हाताकडून काढून ठोकळ्याकडे दिले आहे. फक्त तीन मिमी म्हणून विकली जाणारी ॲक्रिलिकची पाटी कॅलिपरखाली २.८ भरू शकते, तेव्हा नावावर न जाता आधी मोजावे, आणि ठोकळा स्वतःही घासला जातो म्हणून दहा-पंधरा तुकड्यांनंतर पुन्हा मोजावे. पितळेचा ठोकळा मिळाला तर ही दुसरी काळजी जवळपास मिटते.

तयार साधनेही आहेत. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्ट शॉर्ट लाइन या कंपनीने काढलेले ‘चॉपर’ हे दाढीच्या ब्लेडची अडकित्त्यासारखी रचना असलेले यंत्र सरकत्या स्टॉपरसह येते; बारीक पट्ट्या आणि सळ्या त्यावर झटपट कापल्या जातात, पण जाड सळीवर पाचरीचा तोच जुना दोष तिथेही आहे. एसी दुरुस्त करणारे मेकॅनिक तांब्याच्या नळ्यांसाठी चाकाचा छोटा कटर वापरतात, तो ३ मिमीपासून पुढच्या नळ्यांना चालतो आणि दोन रोलरांमुळे नळी चाकाशी काटकोनात राहते. स्टायरीनवर तो चालवताना प्रत्येक फेरीला स्क्रू अगदी नाममात्र आवळावा, नाहीतर चाक माल आतल्या बाजूला ढकलते आणि पोकळीचे तोंड आकसते. त्या नळीत दुसरी नळी सरकवायची असेल तर मग ते पुन्हा कोरून रुंद करावे लागते. मोटारीवर चालणाऱ्या चकत्यांनी स्टायरीन कापू नये. स्टायरीन १०० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ होते आणि मिनिटाला हजारो फेरे घेणारी चकती ते तापमान क्षणात गाठते. काप पडण्याऐवजी टोकाला वितळलेला गोळा उरतो.

तापमान निघालेच आहे तर नागपूरच्या उन्हाळ्याविषयी. नवतपात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यांत तापत्या नऊ दिवसांत, बाल्कनीत बसून कापलेली सळी रात्री आखूड होते का, हा प्रश्न मला एका मित्राने अगदी गंभीरपणे विचारला होता, आणि तो तितका हास्यास्पद नाही. स्टायरीन दर अंशाला आपल्या लांबीच्या लाखात सुमारे सात भागांनी वाढते, स्टील सुमारे एका भागाने. खोलीत ३० अंश आणि बाल्कनीत ४५ अंश धरले तर ३०० मिमीची सळी जवळपास ०.३ मिमी वाढते आणि तिच्या शेजारची स्टीलची पट्टी ०.०५ मिमी. म्हणजे लांब सळी असेल तर एकाच जागी मोजावे आणि कापावे, हे खरे. पण २० मिमीच्या तुकड्यात हाच फरक ०.०२ मिमी उरतो, तेव्हा खांब आणि दांडे कापताना त्याची चिंता सोडून द्यावी. कूलरच्या ओलसर हवेचीही भीती नको. लाकडाच्या पट्ट्या तिच्यात फुगतात, स्टायरीन पाणी जवळपास शोषतच नाही. उन्हाळ्याचा खरा उपद्रव निराळाच आहे: भिंतीला टेकवून उभ्या ठेवलेल्या सळ्या महिनाभरात धनुष्यासारख्या वाकतात, आणि वाकलेली सळी स्टॉपरच्या वाटेत कधीच सरळ बसत नाही. त्या आडव्या, पुठ्ठ्याच्या नळकांड्यात ठेवाव्यात. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत तर विसरूच नयेत.

कापल्यावर टोकाचा कंगोरा काढायचा तो बाहेरून पॉलिश पेपरने आणि आतून ड्रिलचे बिट बोटांत धरून एक-दोन वळसे देऊन. आडवा पाइप बॉयलरला जिथे मिळतो तिथे सपाट टोक बसत नाही. बॉयलरच्याच मापाच्या नळीला पॉलिश पेपर गुंडाळून त्यावर पाइपाचे टोक घासले की हवी ती खोबण आपोआप पडते, फक्त या घासण्यात जाणारी लांबी आधी जास्त ठेवावी.

टाकीचे चार पाय चिकटवण्याआधी मी ते काचेच्या तुकड्यावर शेजारी शेजारी उभे करतो आणि वर दुसरी काच ठेवतो. प्रत्येक पायाखाली वहीच्या कागदाची पट्टी घालून ती ओढून पाहिली की जो पाय आखूड असेल त्याच्याखालची पट्टी सहज निसटते. त्या पहिल्या टाकीच्या वेळी हे केले नव्हते. आता निसटलीच, तर आखूड पायाला लांब करण्याच्या नादी लागत नाही, उरलेले तीन त्याच्या मापाला घासून आणतो. चिकटवतानाही काच खालीच राहते, कारण सॉल्व्हंट टोकाचे प्लास्टिक विरघळवते आणि ओले असताना एका पायावर बोट जोरात टेकले तर तो तिथल्या तिथे दशांश मिमी बसतो. त्याऐवजी टाकीवर मधोमध एक नट ठेवून रात्रभर हात लावत नाही.